हात मांडीवर

दुसऱ्याला शांतपणे चुकू देणारा माणूस अख्ख्या छत्तीसगडात एकच आहे आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो. कारण त्यांनी चुकू दिलेल्या माणसांच्या यादीत माझा नंबर फार वरचा आहे. एरवी माणूस चुकायच्या आधीच त्याला चूक सांगणारे आपल्याकडे गल्लोगल्ली भेटतात. भिलाईच्या कोहक्यात आमच्या घरासमोर कुणी नुसती स्कूटर मागे घेऊ लागला, तरी पानठेल्यावरचे चौघे तोंडातला खर्रा गालात सरकवून 'काट, काट, अरे बाएँ काट' असा गलका करतात आणि तो बिचारा नक्की नालीत जातो. मामाजी तिथे असले तर गलका करत नाहीत. दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून, मान किंचित तिरपी करून ते बघत राहतात. नाली येते, चाक उतरतं, मग ते उठतात, स्कूटर उचलायला हात लावतात आणि विचारतात, "हं. आता सांगा, कोठून बिघडलं?"

मामाजी वायुदलात होते. एवढं सांगितलं की लोकांच्या डोळ्यांत चमक येते. 'म्हणजे लढाऊ विमानं उडवायचे?' मामाजी 'नाही' म्हणतात, समोरच्याचा चेहरा पडू देतात, आणि तो पुरता पडला की सांगतात, "उडवणारे तयार करायचो." त्यांची जवळजवळ सगळी नोकरी उड्डाणशाळेत गेली. शेजारच्या सीटवर रोज एक नवा घाबरलेला जीव आणि आपण हात मांडीवर ठेवून स्वस्थ. बरोबरीचे लोक निवृत्त होऊन खासगी एअरलाइनीत मोठमोठ्या पगारावर गेले. हे मात्र मामी गेल्यावर भाचीच्या जवळ म्हणून जुनवानीला एक लहानसं घर घेऊन राहिले. शिकवायला विद्यार्थी उरला नाही, तेव्हा त्यांची नजर भाचीच्या नवऱ्यावर पडली.

त्यांच्या घरी काहीही करायचं म्हणजे आधी ब्रीफिंग आणि नंतर डिब्रीफिंग. बैठकीत पांढरा फळा आहे. आम्ही तिघं सुपेल्याच्या बाजारात भाजी आणायला निघालो, तरी फळ्यावर वाऱ्याची दिशा, परतायची वेळ आणि 'वांगी न मिळाल्यास पर्याय: दोडके' असं लिहिलं जातं. एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात मी मोठ्या उत्साहाने चहा केला. डब्यांवर नावं नव्हती. मी भरभरून तीन चमचे घातले ते मिठाचे होते. मामाजी समोरच स्टुलावर बसून बघत होते. मी कप दिला. त्यांनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्याला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आता तुम्ही प्या." मी प्यालो. मोरीत जाऊन आलो. "मामाजी, तुम्ही पाहून राहिले होते नं? मग बोल्ले कावून नाही?"

"बोललो असतो, तर तुमाले मिठाचा डबा माहीत झाला नसता, जवाईबुवा. माझा आवाज माहीत झाला असता."

हे वाक्य मला त्या दिवशी फक्त खारट लागलं. त्याची चव फार उशिरा कळली. पण याच माणसाने, मी ओल्या हाताने मिक्सरचा पिन लावायला गेलो तेव्हा, माझं मनगट कधी धरलं ते मला दिसलंसुद्धा नाही. बघतो तर पिन माझ्या हातात, हात त्यांच्या हातात, आणि दुसरा हात अजून मांडीवरच!

आता माझी गाडी. मी प्लांटात, म्हणजे भिलाईच्या पोलाद कारखान्यात, कार्मिक विभागात असतो. आयुष्यभर स्कूटरवर हिंडलो. एकावन्नाव्या वर्षी बायकोने जाहीर केलं, "मले आता मागं बसवत नाही, मान आखडते. गाडी घ्या." म्हणून एक जुनी चारचाकी घेतली. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या माणसाने पहिल्या दिवशी मला 'सर' म्हटलं, दुसऱ्या दिवशी 'भैया' आणि तिसऱ्या दिवशी, मी रसवंतीवाल्याची दोन स्टुलं आडवी केल्यावर, जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हा मामाजी म्हणाले, "मी शिकवतो."

मामाजी स्वतः गाडी चालवत नाहीत. चालवता येते, पण चालवत नाहीत. 'आपण शिकवणारे,' एवढंच म्हणतात. त्यांची जागा डावीकडची. आणि गाडीचं दार लागलं की आमचं नातं बदलत असे. बाहेर मी 'जवाईबुवा, तुम्ही'. दार लागलं की 'तू'. मुलीकडच्या माणसाने जावयाला 'तू' म्हणणं आमच्या मूळच्या वऱ्हाडात शिवीच्या खालोखाल. पण ते इतक्या प्रेमाने आणि इतक्या नियमाने होई, की रागवायला फट सापडत नसे. "क्लच सोड. सोड म्हटलं तर फेकू नको." इंजिन बंद केलं, दार उघडलं की पुन्हा, "या, जवाईबुवा, चहा घ्या."

दुसरा नियम कंट्रोलचा. विमानात दोघांपुढेही दांडा असतो. कोण उडवतंय याचा घोळ झाला की दोघेही उडवतात, नाहीतर कुणीच उडवत नाही. म्हणून देणारा म्हणणार 'कंट्रोल तुझा', घेणारा म्हणणार 'कंट्रोल माझा', आणि हे तोंडाने म्हटल्याशिवाय काहीही बदलत नाही. रोज सकाळी जुनवानीच्या रिकाम्या रस्त्यावर मामाजी गंभीरपणे म्हणत, "कंट्रोल तुझा." मी घाम पुसत म्हणे, "कंट्रोल माझा." मग गाडी झटका खाऊन बंद पडे. दोन महिन्यांत मी एका म्हशीला नमस्कार करायला लावला, एका नवरदेवाच्या वरातीत मधोमध शिरून बँडच्या तालावर तीनशे पावलं गेलो, आणि एका बंगल्याच्या फाटकावर माझ्या बंपरचा ठसा कायमचा सोडला. मामाजींचे हात मांडीवरून हलले नाहीत. त्या दोन महिन्यांत ते कधी ओरडले नाहीत, की 'अरे, अरे' म्हणाले नाहीत. मला वाटे, या माणसाला भीती नावाची वस्तू देवाने दिलेलीच नाही.

अशात ते पत्र आलं. दक्षिणेकडच्या एका उड्डाणशाळेत शिकवणारे कमी पडत होते. जुन्या, निवृत्त शिक्षकांना परत घेण्याचा विचार होता. मुलाखत नागपुरात. मामाजींनी पत्र मला वाचायला दिलं, परत घेतलं, घडी घातली, उलगडलं, पुन्हा दिलं. असं उतावीळ मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी कार्मिक विभागाचा माणूस, तेव्हा अक्कल पाजळायचा हक्क माझा होता. "त्यात काय, मामाजी? मास्तर कमी पडले तर नवीन पायलटांतले दहा उचलायचे न् मास्तर करायचे. आम्ही फर्नेसवर असंच करतो."

"पायलट उडवतो," मामाजी म्हणाले. "मास्तरले बसून राहावं लागते. समोरचा चुकून राहिला, जमीन वर येऊन राहिली, आपल्याले उडवता येते, अन् तरी हात लावायचा नाही. कुठवर लावायचा नाही अन् कोणत्या इंचाले लावायचा, हे पुस्तकात नाही जी. जवान पोरगा एक तर लवकर हात घालते, शिकणारा शिकत नाही. नाहीतर उशिरा घालते, अन् मग..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "तो इंच कळेपर्यंत माणूस म्हातारा होते. अन् कळला की एअरलाइनवाले घेऊन जातात."

आपण म्हातारे आहोत आणि आपल्याला कुणी घेऊन गेलेलं नाही, हे त्यांनी मोठ्या आनंदाने सांगितलं.

मुलाखत दुपारी तीनला होती. लाइनीच्या कामामुळे बऱ्याच गाड्या रद्द होत्या. वेळेवर नागपूरला पोचवणारी एकच गाडी, सकाळी दहाच्या आत दुर्गहून सुटणारी. बायको म्हणाली, "मामा, टॅक्सी करा. यांच्या भरवशावर जाऊ नका, हात जोडते."

"दोन महिने शिकवलं ते काय?" मामाजी म्हणाले. "ज्याचा विद्यार्थी त्याले स्टेशनपर्यंत नेऊ शकत नाही, त्या मास्तरनं मुलाखतीले जाऊच नये." आणि फळ्यावर लिहिलं: जुनवानी ते दुर्ग स्टेशन, अंतिम परीक्षा.

म्हणजे त्यांची नोकरी आता माझ्या क्लचवर होती! मी रात्रभर पलंगावर गिअर बदलत होतो, असं बायकोचं म्हणणं आहे. तिच्या पोटरीवर वळ आहेत.

सकाळी निघालो आणि काय सांगू, मी चालवत होतो! सुपेल्याची गर्दी पार झाली, एकदाही बंद पडलो नाही, उत्साहाने छाती फुगली. त्या फुगलेल्या छातीमुळेच घात झाला. दुर्गसाठी डावीकडे राहायचं होतं, डावीकडे एक ट्रक लोखंडी सळ्या लोंबकळवत चालला होता, त्याला वाट द्यायला मी उजवीकडे राहिलो आणि थेट बायपासला लागलो. पाच मिनिटांनी मोठा पूल आला. खाली पाणी चमकत होतं. शिवनाथ! दुर्ग स्टेशनला जाताना नदी लागत नाही, हे भिलाईतलं शेंबडं पोरही सांगेल. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून मामाजींकडे पाहिलं. हात मांडीवर. नदीकडे पाहत होते, जणू नदी पाहायलाच निघालो आहोत. ते काही बोलत नाहीत म्हणजे सगळं ठीक असणार, असं मी धरून चाललो. आणि तरी ओशाळवाणं वाटून म्हणालो, "शॉर्टकट घेऊन राहिलो, मामाजी."

"बरं," मामाजी म्हणाले.

तो शॉर्टकट मला रसमड्यात घेऊन गेला. रसमड्याचे कारखाने ज्याने पाहिले असतील त्याला कळेल, की तिथलं प्रत्येक फाटक दुसऱ्या फाटकाचं जुळं भावंड आहे. सगळ्यांवर सारखीच काळी धूळ. मी एका फाटकावरून तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी वॉचमनने सलाम ठोकला. त्याला वाटलं साहेब पाहणीला आलेत. शेवटी सुटकेचा रस्ता दिसला म्हणून गाडी दामटली, तर समोर रेल्वेचं फाटक, आणि ते माझ्या नाकासमोर खाली आलं. धडधड करत एक गाडी गेली. मामाजींनी मान हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवली आणि शांतपणे म्हणाले, "हा माझा डबा गेला. एस चार."

 जिच्यासाठी आम्ही निघालो होतो ती गाडी आमच्यासमोरून, आम्हाला वारा घालत, त्यांच्या रिकाम्या सीटसकट नागपूरला चालली होती. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं, त्यासरशी हॉर्न वाजत राहिला. "मामाजी, चुकलो. पुलापासून चुकलो."

"पुलाच्या आधीपासून. सळ्यांच्या ट्रकपासून."

"तुमाले माहीत होतं?"

"होय नं. तुझ्या चुकीसाठी चाळीस मिनिटं ठेवली होती. तू साठ घेतली." मग घड्याळ पाहून, "आता ही राजनांदगावले थांबन. रस्ता आहे. गाडी आहे. पेट्रोल आहे."

"तुम्ही चालवा! कंट्रोल तुमचा!"

मामाजींनी समोर पाहिलं. हात मांडीवर. "मी घेतला नाही," ते म्हणाले.

नियम म्हणजे नियम. घेणाऱ्याने 'माझा' म्हटल्याशिवाय कंट्रोल जात नाही. मी दात-ओठ खात गाडी वळवली. कारखान्यांच्या रस्त्याने सुसाट निघालो आणि पहिल्याच वळणावर एका फाटकातून राखेचा टिप्पर मागे मागे बाहेर आला. तो आला, येत राहिला, माझी समोरची सगळी काच त्याच्या पाठीने भरली, आणि माझा पाय ब्रेक शोधत कुठल्या गावाला गेला देव जाणे. "कंट्रोल माझा," असा अगदी साधा आवाज आला. हँडब्रेक करकचला. गाडी एकदा फुसफुसली आणि थांबली. टिप्परची मागची पाटी आणि आमचं बॉनेट यांत एक वीत. टिप्परवाल्याने खिडकीतून डोकं काढून "दिखत नइ हे का, गा?" म्हणून विचारलं. तो प्रश्न रास्त होता.

आणि मग मामाजींनी जे केलं त्याने मी खरा हादरलो. त्यांनी हँडब्रेक खाली केला, हात परत मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "कंट्रोल तुझा."

त्यांची नोकरी निघून चालली होती. ड्रायव्हर ढ होता. पाच सेकंदांपूर्वी त्याने दोघांना मारायची वेळ आणली होती. दुसऱ्या कुणीही मला मागच्या सीटवर फेकून स्वतः गाडी हाणली असती.  "कंट्रोल माझा," म्हणालो, आणि या वेळी तो खरंच माझा होता.

हायवेला लागल्यावर मी जे चालवलं, ते पुन्हा मला जमलेलं नाही. आरसा, इशारा, गिअर, सगळं आपोआप येत होतं. आणि एका ठिकाणी, जिथे रूळ रस्त्याजवळ येतात, तिथे ती गाडी उभी! आमच्या या लाइनीवर कोळशाची मालगाडी म्हणजे घरची सासू. तिचं झाल्याशिवाय कुणाचं पान वाढलं जात नाही. सिग्नलला मेल बापुडवाणी उभी आणि बाजूने मालगाडी डुलत डुलत चाललेली. "मामाजी, एस चार!" मी किंचाळलो. "रस्ता पाह," मामाजी म्हणाले. पण त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी फडफडलं. आम्ही आमच्या गाडीला ओलांडलं. इंजिनचा ड्रायव्हर बाहेर वाकला होता, त्याला मी हात केला. "हात स्टिअरिंगवर," मामाजी म्हणाले.

राजनांदगाव स्टेशनसमोर गाडी लावली तेव्हा मालगाडी पुढे जाऊन मेलला सिग्नल मिळाला होता. लांबून शिटी ऐकू येत होती. मी म्हणालो, पळा! मामाजी पळाले नाहीत. ते उतरले, दार उघडं ठेवलं, खाली वाकले आणि आपल्या रिकाम्या सीटचा पट्टा ओढून नीट खटक्यात अडकवला.

"हे काय, मामाजी? गाडी येऊन राहिली!"

"विद्यार्थी पहिल्यांदा एकटा जाते, तेव्हा मास्तर आपला पट्टा बांधून उतरते. मोकळा लोंबला तर दांड्यात अडकते." त्यांनी पट्टा ओढून पाहिला. "परत एकटे जा. शॉर्टकट घेऊ नका, जवाईबुवा." दार लावलं आणि आपली छोटी बॅग घेऊन, ताठ, मोजक्या पावलांनी आत गेले. मी गाडीचं इंजिन चालू ठेवून, दार सताड टाकून मागे धावलो, ही माझी त्या दिवसातली शेवटची चूक. एस चारच्या दारातून त्यांनी तीच दाखवली. "चाबी!" गाडी हलता हलता ते ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले.

मी एकटा परत आलो. रिकाम्या सीटला पट्टा बांधलेला. शिवनाथच्या पुलावर मी मोठ्याने 'कंट्रोल माझा' म्हणालो आणि गाणंबिणं म्हटलं, ते सांगत नाही.

त्यांचा फोन आला तेव्हा बायकोने स्पीकर लावला. झालं होतं! म्हणजे अर्धं. डॉक्टरांना एका कानात काही सापडलं. "उडायचं नाही म्हणतात. नवीन मास्तरांचा मास्तर व्हा म्हणतात. जमिनीवरून."  मग पूर्वीसारखे उल्हासित होऊन म्हणाले, "अन् त्यांनी विचारलं, विद्यार्थी चुकला तर कुठवर वाट पाहता? मी त्यायले सकाळचंच सांगितलं. सळ्यांचा ट्रक, पूल, टिप्पर, सारं. फळ्यावर काढून."

"माझं नाव सांगितलं?" मी घाबरून विचारलं.

"नाही. 'एक जावई' म्हटलं."

आता ते तिकडे आहेत. जुनवानीचं घर बंद आहे; शनिवारी आम्ही जाऊन खिडक्या उघडतो. फळ्यावर अजून 'अंतिम परीक्षा' लिहिलेलं आहे, पुसायला कुणाचा हात होत नाही. त्यांच्या नव्या मास्तरांच्या प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी रसमड्याचा नकाशा काढून दाखवला जातो, असं ते कळवतात. माझ्या मूर्खपणाचा अभ्यासक्रमात समावेश झालेला आहे. प्लांटात एवढी वर्षं घासूनही मला हा मान मिळाला नव्हता.

मागच्या रविवारी मी गाडी धुवायला काढली. डाव्या बाजूची रबरी मॅट उचलली आणि बायको म्हणाली, "हे काय, उंदरानं कुरतडलं का?"

मॅटच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे त्यांच्या बाजूला ब्रेक असता तर असता, बरोबर तिथे टाचेचा खळगा आणि त्याच्यापुढे बुटाच्या पंजाएवढं भोक होतं. रबर घासून घासून खालचा पत्रा दिसत होता. त्या दोन महिन्यांत, प्रत्येक म्हशीला, वरातीला, फाटकाला, टिप्परला, मामाजी तिथे जीव खाऊन ब्रेक दाबत होते. आणि वर हात मांडीवर.

बायको नवी मॅट आणा म्हणते. मी आणलेली नाही. तीच धुऊन, वाळवून, परत जागेवर घातली आणि वरचा पट्टा खटक्यात अडकवला.